रडवा, पण हसवू नका

नाताळच्या गोष्टीत कुणी मेलं तर वाचकाची हरकत नसते. हॅन्स अँडरसनची काड्या विकणारी पोर 1845 पासून वर्षाच्या शेवटच्या रात्री रस्त्यावर गारठून मरते आहे, आणि ही गोष्ट आईबाप मुलांना झोपताना वाचून दाखवतात. डोळे पुसायचे, दिवा मालवायचा. मूल त्यानंतर झोपतं की छताकडे बघत पडतं, याची चौकशी कुणी करत नाही.

आता अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडॅरिसचं काय झालं ते बघा. न्यूयॉर्कच्या मेसीज या अवाढव्य दुकानात सांताक्लॉजचा बुटका मदतनीस म्हणून त्याने नोकरी केली होती. नोकरीतलं नाव क्रम्पेट. फोटोसाठी रडक्या पोराला दमदाटी करून हसवणारे आईबाप त्याने रोज पाहिले. 23 डिसेंबर 1992 रोजी त्याने ही हकिगत अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवर वाचली आणि रातोरात त्याचं नाव झालं. 1997 मध्ये ‘हॉलिडेज ऑन आइस’ हे चिमुकलं पुस्तक आलं. सणाचं पुस्तक, लेखक रेडिओवरचा, आणखी काय हवं? जावयाने ते बिनधास्त सासूबाईंना भेट द्यावं, असंच ते दिसत होतं.

पहिली गोष्ट क्रम्पेटची. सासूबाई हसल्या. दुसरी गोष्ट म्हणजे जोसलिन डनबार या बाईंचं नाताळचं पत्र. वर्षभराची घरची खुशाली अख्ख्या गोतावळ्याला एकाच मजकुरात कळवायची अमेरिकेत रीत आहे: थोरल्याला बढती, धाकटीला पदक, कुत्र्याची तब्येत उत्तम. जोसलिनबाईही त्याच सुरात, उद्गारचिन्हांची उधळण करत लिहितात. फक्त त्यांच्या बातम्यांत नवऱ्याची व्हिएतनामहून अचानक दारात आलेली तरुण मुलगी असते आणि कपडे धुण्याच्या यंत्रात गेलेलं तान्हं नातवंड असतं. इथे सासूबाईंनी पुस्तक मिटलं आणि जावयाकडे नव्याने पाहिलं.

तेव्हापासून या पुस्तकाच्या वाचकांत तीन पक्ष आहेत. पहिल्याचं हसून पोट दुखतं. दुसरा विचारतो, यात हसण्यासारखं काय आहे? तिसरा सर्वात मोठा: तो रात्री पहिल्या पक्षात असतो आणि सकाळी चारचौघांत दुसऱ्या. याच पुस्तकात एक नाट्यसमीक्षक प्राथमिक शाळेतल्या मुलांची नाताळची नाटकं सोलून काढतो. त्या गोष्टीत कुणी मरत नाही; तरीही ज्यांचं पोर यंदा नाटकात मेंढरू झालं होतं, त्यांना तीच सर्वात क्रूर वाटली असणार.

दुसऱ्या पक्षाचा मुद्दा ठरलेला: इतक्या पवित्र सणाला हा काळा विनोद कशाला? मुद्दा बिनतोड आहे, फक्त सणाला ठाऊक नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात बाळ येशूच्या जन्मापाठोपाठ हेरोद राजा बेथलेहेमची तान्ही मुलं कापून काढतो. चर्च त्यांची आठवण 28 डिसेंबरला, म्हणजे केक संपायच्या आत, पाळतं. आणि डिकन्सच्या 1843 च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये मोलकरीण, धोबीण आणि मयताचं सामान पुरवणाऱ्याचा नोकर असे तिघे मेलेल्या म्हाताऱ्याच्या पलंगाचे पडदे आणि अंगावरून उतरवलेला सदरा जुन्या बाजारात विकतात, वर खिदळतात. याहून काळा विनोद सेडॅरिसलाही जमलेला नाही.

मग डिकन्स पूज्य आणि सेडॅरिस पाखंडी, असं का? कारण तो मेलेला म्हातारा, म्हणजे डिकन्सचा स्क्रूज, पुढच्या प्रकरणात जिवंतच जागा होतो, सुधारतो आणि गरिबाघरी टर्की पाठवतो. अँडरसनची पोरसुद्धा शेवटी आजीच्या कुशीत स्वर्गात पोचते. वाचकाची अट साधी आहे: मयतं कितीही होऊ देत, शेवटी कुणीतरी सुधारलं पाहिजे किंवा देवाघरी नीट पोचलं पाहिजे. म्हणजे आपल्यालाही फुकटात सुधारल्यासारखं वाटतं. जोसलिनबाई सुधारत नाहीत. त्या शेवटपर्यंत खुशालीच कळवत राहतात, आणि नेमकी तशीच खुशाली वाचकाने गेल्याच आठवड्यात स्वतः टपालात टाकलेली असते. राग येतो तो त्या ओळखीचा; बाळ बिचारं निमित्त.

तेव्हा हे पुस्तक कुणाला द्यायचंच असेल, तर पहिल्या गोष्टीवर भुलू नका. दुसरी स्वतः वाचा आणि मगच ठरवा, सासूबाईंशी संबंध कसे ठेवायचे आहेत.