बुलेटिनराव

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम-मध्य भागात फिंगर लेक्स नावाचा सरोवरांचा मुलूख आहे. तिथल्या वाइनची द्राक्षं लावणाऱ्यांत दोन जाती आहेत. एकांना द्राक्षं येतात. दुसऱ्यांना द्राक्षांविषयी सगळं येतं. आमचे बुलेटिनराव दुसऱ्या जातीतले.

हे नाव रॉचेस्टरच्या आमच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. पाळण्यातलं वेगळं आहे, पण ते आता फक्त बँकेत आणि गणपतीच्या वर्गणीच्या यादीत चालतं. आयुष्यभर सॉफ्टवेअरमध्ये काढलं, निवृत्त झाल्यावर सेनेका सरोवराच्या उतारावर चार एकर घेतले आणि रीसलिंग लावायचं ठरवलं. ठरवणं आणि लावणं यांच्या मधल्या काळाला ते 'पूर्वतयारी' म्हणतात, वहिनी 'वनवास' म्हणतात.

त्या काळात जमिनीत काही गेलं नाही, घरात मात्र बरंच आलं. टोनी वुल्फ यांनी संपादित केलेलं, पूर्व अमेरिकेतल्या द्राक्षशेतीवरचं 2008 सालचं जाडजूड मार्गदर्शक आलं. रिचर्ड स्मार्ट आणि माइक रॉबिन्सन यांचं 'सनलाइट इंटू वाइन' आलं. वेलींना होणाऱ्या हिवाळी इजेवरची मिशिगन स्टेट विद्यापीठाची पुस्तिका, म्हणजे तिकडच्या भाषेत 'बुलेटिन', आली, ती थेट देवघराशेजारच्या फळीवर गेली. पुढे जिनिव्हाच्या चकरा सुरू झाल्या. हे जिनिव्हा स्वित्झर्लंडचं नव्हे, सरोवराच्या उत्तर टोकाचं. तिथलं कृषी संशोधन केंद्र 1882 पासून चालू आहे आणि आज ते कॉर्नेल विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठांनी शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवावं असा कायदाच अमेरिकेत 1914 साली झाला. तो बुलेटिनरावांना पसायदानाइतका पाठ आहे. "सरकार दारात येऊन शिकवतंय आणि लोक टीव्ही बघतात!" असं ते टीव्ही बंद करून म्हणतात. टीव्हीवर वहिनींची मालिका चालू असते.

त्यांच्याकडे चहाला गेलं की खिडकीतून सरोवर दिसतं. आपण म्हणावं, "काय सुंदर दिसतंय हो!" की झालं. "सुंदर कसलं, सहाशे फूट खोल आहे! म्हणून हिवाळ्यात सहसा गोठत नाही. उन्हाळ्यातली ऊब पोटात ठेवतं, थंडीत ती हळूहळू सोडतं. वसंतात पुन्हा स्वतः गार राहून काठावरच्या वेलींना उशिरा जाग आणतं. उतारावरची थंड हवा खाली वाहून जाते ती वेगळीच. आणि दिवसाची उष्णता मोजायची तर पन्नास फॅरनहाइटच्या वरची तेवढी धरायची..." एव्हाना चहा साठच्याही खाली आलेला असतो.

एका बाबतीत मात्र ते हळवे होतात. डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक हे त्यांचं दैवत. हा युक्रेनमधला द्राक्षतज्ज्ञ 1951 साली अमेरिकेत आला. युरोपी जातीची द्राक्षं इथल्या थंडीत टिकायची नाहीत, असं तेव्हा सगळे सांगत. फ्रँक म्हणाले, मी याहून कडाक्याच्या थंडीत ती पिकवलीत. खुंट योग्य निवडा. क्यूका सरोवराच्या काठी त्यांनी ती लावून दाखवली आणि 1962 मध्ये स्वतःची वायनरी काढली. बुलेटिनराव ही कथा डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण तिचा अर्थ असा निघतो की त्या माणसानं जाणकारांचं ऐकलं नाही म्हणून तो जिंकला. हे कोणी काढलं की बुलेटिनराव चष्मा पुसायला घेतात. "त्यांच्या वेळी वेबिनार नव्हते," एवढंच म्हणतात.

शेवटी वेली लागल्या. वहिनींनीच लावल्या म्हणायच्या. 'हे' खड्ड्याची खोली सांगत बांधावर उभे होते आणि खोली दर सहा ओळींनी बदलत होती, कारण फोनवर दुसरं बुलेटिन उघडत होतं. दर शरदात कलमाच्या सांध्यावर माती चढवायची, म्हणजे वरचं सगळं गारठून गेलं तरी सांधा वाचतो आणि नवं खोड उभं करता येतं. वसंतात ती पुन्हा उतरवायची. हे काम का करायचं ते बुलेटिनरावांकडून ऐकावं. कसं करायचं ते वहिनींच्या तळहाताला विचारावं.

त्यांना खरं खुललेलं पाहायचं तर जानेवारीत जावं. बागेतून काड्या कापून आणलेल्या असतात, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस स्वयंपाकघरात ठेवलेल्या असतात. कारण डोळा मेला असेल तर उबेत आल्यावरच काळा पडतो. मग जेवणाच्या टेबलावर दाढीचं पातं, भिंग आणि वही. द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन डोळे असतात. पातं आडवं लावून वरचा पापुद्रा काढला की मधला मुख्य डोळा दिसतो, अजून कणभर खाली गेलं की बाजूचे दुय्यम. हिरवा म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे गेला. असे शंभर डोळे ते एका बैठकीत कापतात. पोळ्या बाजूला, भाजी बाजूला.

"बावीस गेले," त्यांनी आमच्यासमोर जाहीर केलं. चेहऱ्यावर दुःख शोधून सापडेना. "पंधरा टक्क्यांच्या आत असते तर नेहमीसारखी छाटणी. पन्नासच्या वर गेले तर कात्रीच लावायची नाही. आपण मध्ये आहोत. म्हणजे जेवढे मेले त्या प्रमाणात जास्तीचे डोळे राखायचे!"

"मी दोन ओळी छाटून आलेय," वहिनी म्हणाल्या. "जरा सैल हातानंच छाटल्या. काड्या बघूनच कळत होतं."

यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा 'नियंत्रणाबाहेरील घटक'.

कॉर्नेलची माणसं हिवाळाभर जातवार डोळे यंत्रात घालून गोठवतात आणि किती तापमानाला निम्मे दगावतील तो आकडा प्रसिद्ध करतात. बुलेटिनराव तो पंचांगासारखा पाहतात. डिसेंबरात डोळा हळूहळू कणखर होतो, जानेवारीत सर्वांत चिवट असतो आणि फेब्रुवारीत चार दिवस ऊन पडलं की लगेच ढिला पडतो. लग्नाच्या वाढदिवशी वहिनींना त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि त्याच श्वासात "आज उणे तेवीस" हेही सांगितलं.

मी निफाडकडचा. दादा अजून तिकडे बाग करतो. एकदा त्याचा व्हिडिओ कॉल आला असताना बुलेटिनराव शेजारी होते. फोन त्यांच्या हातात दिला, हे धाडस होतं. दादानं पहिला प्रश्न टाकला, "एकरी काय निघतं?" त्यावर बुलेटिनराव पानांच्या पडद्यातून घडावर किती ऊन पडावं याकडे वळले. दादानं बराच वेळ ऐकून घेतलं.

"म्हणजे काका, तुमची वेल थंडीत झोपते. आमच्याकडे झोपतच नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटावं लागतं. ऑक्टोबरला गोडी छाटणी केली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आम्ही औषधाची पेस्ट लावतो."

"आम्ही फुटू नयेत म्हणून सोयाबीनचं तेल फवारतो!" बुलेटिनराव उडालेच. "चार दिवस उशीर झाला तरी वसंतातलं दहिवर चुकतं!"

"आणि आम्ही काड्या प्रयोगशाळेत देतो ते डोळ्यात घड आहे का बघायला. तुम्ही डोळा जिवंत आहे का बघता." दादा थोडा थांबला. "काका, तुम्ही ऊस का नाही लावत?"

दोघांची मात्र गट्टी जमली. आता दादा त्यांना डावणी रोगावर विचारतो, ते दादाला भुरी रोगावर. दादा पुण्याच्या द्राक्ष बागायतदार संघाच्या मेळाव्याला जातो, तिथली भाषणं रेकॉर्ड करून पाठव असा त्यांचा तगादा असतो. हवामान वेगळं, जात वेगळी, हंगाम उलटा. पण ज्ञान ते ज्ञान.

मे 2023 मधली 17 तारखेची रात्र फिंगर लेक्समधला कुठलाच बागायतदार विसरणार नाही. फुटवे चांगले वीतभर आले होते आणि आकाश निरभ्र, वारा ठप्प. अशा रात्री थंड हवा जमिनीलगत साचते, उबदार थर वर राहतो. ज्यांच्याकडे मोठे पंखे होते त्यांनी तो थर खाली ओढला. कोणी गवताचे भारे पेटवले. बुलेटिनरावांकडे पंखा नव्हता. त्यांच्याकडे तीन थर्मामीटर होते. गुडघ्याच्या, छातीच्या आणि शिडीच्या उंचीवर ते टांगून, कानटोपी घालून ते पहाटेपर्यंत नोंदी करत बसले. कोवळ्या फुटव्याला उणे दोन-अडीच पुरे होतात. सकाळी खालच्या ओळी चहाच्या चोथ्यागत काळ्या पडल्या होत्या. नक्की किती वाजता काय मेलं हे जिल्ह्यात बहुधा त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

शेजारचा म्हातारा शेतकरी रात्रभर पंखा चालवून डोळे लाल झालेल्या अवस्थेत कुंपणाशी आला. बुलेटिनरावांनी त्याला वही दाखवली. त्यानं ती निमूट पाहिली, पानं उलटली, आणि फोननं दोन पानांचे फोटो काढून घेतले. मला वाटतं, त्या वर्षीचं त्यांचं खरं पीक ते.

पण वेलींनीही अगदीच हात झाडले नाहीत. दुय्यम डोळे फुटले, वरच्या उतारावर थोडे घड धरले. हंगाम जवळ आला की कॉर्नेल दर आठवड्याला मण्यांतली साखर, आम्लता वगैरे आकड्यांचं पत्रक काढतं. बुलेटिनराव त्यात आपले आकडे पेन्सिलीनं भरत राहिले. ऑक्टोबरात वहिनींनी दोन मैत्रिणींना घेऊन घड उतरवले आणि जवळच्या एका वायनरीनं ते घेतले. तिथून त्यांना दोन कागद मिळाले : एक रसाच्या तपासणीचा अहवाल आणि एक चेक. अहवाल दुसऱ्याच दिवशी फ्रेम होऊन भिंतीवर लागला.

चेक मार्चमध्ये सापडला. वुल्फ साहेबांच्या मार्गदर्शकात, छाटणीच्या प्रकरणात. वहिनींनी तो उपसून काढला, तारीख वाचली आणि पर्स घेऊन बँकेकडे निघाल्या. बुलेटिनराव पुस्तक उचलून मागोमाग दारापर्यंत धावले.

"अगं, माझी खूण कुठे नेतेस?"