गोड वासाच्या गुन्हेगारास

क्लोरोफॉर्म,

तुझे उपकार मला ठाऊक आहेत. १८४७ मध्ये एडिंबरोत जेम्स सिम्पसनने तुला हुंगलं आणि बाळंतिणींच्या कळा सुसह्य झाल्या. वाहवा झाली. पण तीन महिन्यांच्या आत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढून घ्यायला आली आणि तुझ्या वाफेने काही मिनिटांत मेली. नखापायी जीव घेतलास!

वर निर्दोषही सुटलास. हैदराबादच्या निजामाच्या पाठबळावर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले, कुत्र्यामाकडांवर प्रयोग झाले आणि निकाल तुझ्या बाजूने लागला: हृदयाला थेट धोका नाही, श्वास तेवढा सांभाळा. भूल देणारे नाडी सोडून श्वास बघत राहिले. शेवटी १९११ मध्ये गुडमन लेव्हीने मांजरांवर दाखवून दिलं, की अर्धवट भुलीतच तू हृदयाची लय बिघडवतोस आणि ते बंद पाडतोस. तोवर किती माणसं गेली!

शस्त्रक्रियेच्या खोलीतून तुला हाकललं, तरी प्रयोगशाळेच्या कपाटात तू आहेसच. मिथेन आणि क्लोरीनच्या मिश्रणावर ऊन पडलं की एकेका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसत जातो. तिसऱ्या पायरीला तू जन्मतोस. आणि ज्या उजेडाने जन्म दिला, त्याच उजेडात हवेतला ऑक्सिजन मिळताच तू फॉस्जीन होऊ लागतोस. पहिल्या महायुद्धात सैनिकांची फुप्फुसं निकामी करणारा तोच विषारी वायू. बाटलीकडे नुसतं बघून त्याचा पत्ता लागत नाही, हा तुझा खरा कावा.

म्हणून तुला तपकिरी बाटलीत, काठोकाठ भरून ठेवायचं, म्हणजे वर हवा उरत नाही. सोबत थोडं इथेनॉल घालायचं. ते फॉस्जीनशी संयोग पावून त्याचं डायएथिल कार्बोनेट करून टाकतं. बारावीची मुलं हे परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. त्याच कॉलेजच्या कपाटात मात्र तू पांढऱ्या काचेत, अर्ध्या बाटलीत, खिडकीशी बसलेला असू शकतोस. याचा मला संताप येतो.

शिक्षकांनो, प्रयोगशाळा सहायकांनो, आजच कपाट उघडा. अशी जुनी, तारीख नसलेली बाटली सापडली तर तिचं बूच काढू नका, हुंगू नका, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका. रासायनिक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्यांकडे ती सोपवा.

— रसायनशास्त्राचा एक शिक्षक