मिश्रणशास्त्री

रेवसच्या धक्क्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर, जेथे सुपारीचा भाव, समुद्राचा वारा आणि शनिवार-रविवारचे मुंबईकर ही तिन्ही दैवाधीन मानली जातात, तेथे प्रत्येक गावात एक तरी गृहस्थ असा आढळतो की, ज्याच्या संमतीवाचून कोणाच्याही पेट्रोलात तेल पडत नाही. या अधिकाराची सनद त्याला कोणी दिलेली नसते. कोणत्याही कारखान्याचे मुखत्यारपत्र त्याच्यापाशी नसते. यंत्रशास्त्राची पदवी तर दूरच, पण वाहन चालविण्याच्या परवान्याचीही मुदत कित्येकदा टळून गेलेली असते. तथापि गॅरेजबाहेरच्या बाकावर, सदऱ्याच्या खिशात प्लग खोलण्याचा पाना घालून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक धुराचा रंग निरखीत बसलेल्या या पुरुषास मी मनातल्या मनात मिश्रणशास्त्री ही पदवी बहाल केली आहे. तो मेकॅनिक नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मेकॅनिक हाताने काम करतो आणि त्यामुळे मते बाळगण्यास त्याला सवड नसते.

शास्त्रीबुवांचा मुलूख टू-स्ट्रोक इंजिनापुरता आहे, आणि तो त्यांनी विचारपूर्वक निवडलेला आहे. फोर-स्ट्रोकात तेलाचा साठा खाली निराळा असतो. तो भरला की मनुष्याचे कर्तव्य संपते. टू-स्ट्रोकात तेलाला स्वतंत्र घर नाही. पेट्रोल आणि हवा प्रथम क्रँकच्या पोकळीत शिरतात, तेथून वर चढतात आणि सिलिंडरात जळून जातात. म्हणून बेअरिंगांना आणि पिस्टनला जे काही वंगण मिळायचे ते पेट्रोलातूनच मिळते. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो. जास्त पडले तर प्लगवर काजळी चढते, सायलेन्सर कोंदतो, आणि वाहनाच्या मागून येणाऱ्या निरपराध पादचाऱ्यास खोकल्याची उबळ येते. या दोन आपत्तींच्या मधून जी अरुंद वाट जाते, तिच्यावर नाके बसवून जकात वसूल करणे हे शास्त्रीबुवांचे जीवितकार्य होय.

त्यांची कारकीर्द या जिल्ह्याला कुलाबा म्हणत असत त्या काळात सुरू झाली. रायगड हे नाव पुढे १९८१ साली आले. बजाज चेतक १९७२ साली निघाली, आणि ती मिळावी म्हणून नाव नोंदवून वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागे. तेव्हा जिच्यासाठी एवढी तपश्चर्या केली तिच्या टाकीत काय ओतावे, हे विचारण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. लिटरला वीस मिलिलीटर, म्हणजे शेकडा दोन, असा शिरस्ता होता. पंपावर तेलाची पुडी घ्यायची, दातांनी तिचा कोपरा फाडायचा, टाकीत पिळायची, गाडी दोन्ही हातांनी गदगदा हलवायची, आणि तरीही ती सुरू होईना तर तिला एका कुशीवर कलती करायची, हा सगळा विधी शास्त्रीबुवा बाकावरून सांगत. हात मात्र लावीत नसत. पुढे १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली. तिच्यात तेलाची टाकी वेगळी आणि तेल सोडणारा पंप वेगळा, हे कळताच त्यांनी तिच्याविषयी जो प्रतिकूल ग्रह करून घेतला तो अद्याप गेलेला नाही. ज्या यंत्रात मनुष्याने मिसळायचे असे काही उरतच नाही, त्या यंत्रावर विसंबायचे कोणी?

रस्त्यावरून टू-स्ट्रोक हळूहळू हद्दपार झाल्यावर हे संस्थान खालसा होईल अशी चिन्हे दिसत होती; परंतु वाडीने त्यांना तारले. गवत काढायला माणूस मिळेना, म्हणून अलिबागेकडच्या अष्टागरातल्या घरोघरी ग्रासकटर आला, आणि त्यातले बहुतेक टू-स्ट्रोक निघाले. आता पावसाळा ओसरू लागला की बाकासमोर दरबार भरतो.

"काका, लिटरला वीस टाकलंय."

"कोणी सांगितलं?"

"मशीनच्या पुस्तकात आहे."

"पुस्तक छापलं कुठं?"

"चीनमध्ये."

"मग तिकडची हवा कोरडी असेल. इथं खारं वारं आहे. तीस टाक."

तो तरुण तीस टाकून घरी पोहोचतो न पोहोचतो तोच दुसरा तीस टाकून येतो, आणि त्याला विचारणा होते, "मशीनला तेल पाजतोस की अभ्यंगस्नान घालतोस? वीस पुरे." समोरच्याने सांगितलेला आकडा बरोबर असू शकतो, ही शक्यता त्यांच्या दफ्तरी नोंदलेलीच नाही. मुंबईकर बंगलेवाला आला तर हा न्याय अधिकच कठोर होतो. 'अलिबागहून आलास का' या हिणविणाऱ्या बोलण्याविरुद्ध २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि ती फेटाळली गेली. तेव्हापासून शास्त्रीबुवांनी प्रत्येक मुंबईकराकडून भरपाई व्यक्तिशः वसूल करण्याचे ठरविले असावे.

मापाविषयी त्यांचा आग्रह विलक्षण आहे. अलिबागेस पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूक्ष्म नोंद ठेवणारी वेधशाळा १९०४ पासून आहे. मुंबईत विजेच्या ट्रामा धावणार, त्यांनी नोंदी बिघडतील, म्हणून हे काम मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतून इकडे हलविण्यात आले. अचूकतेची एवढी थोर परंपरा लाभलेल्या भूमीत शास्त्रीबुवा तेल मोजतात ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने. मिश्रणाची बाटली हलवून, एखाद्या वैद्याने काढा पारखावा तशी ते ती उन्हात धरतात, आणि रंगावरून निकाल देतात. तेलाला रंग कारखानदार ओळखीपुरता घालतो, हे त्यांना सांगण्याचे धैर्य अद्याप कोणी केलेले नाही.

ब्रिटिश कारखानदार वेकफील्ड यांनी १९०९ साली आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले ते त्यातील एरंडेलावरून, आणि पहिल्या महायुद्धातील विमानांच्या इंजिनांनाही एरंडेलच घालीत, एवढा इतिहास त्यांना कोठून तरी कळलेला आहे. त्यावरून किराणा दुकानातले एरंडेल ग्रासकटरला चालावे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. ते पेट्रोलात नीट विरघळत नाही आणि जळल्यावर चिकट थर ठेवते, ही गोष्ट ते अपवाद मानतात. २००० साली देशभर पेट्रोलातून शिसे गेले, तेव्हापासून टू-स्ट्रोकाचा दम गेला, अशीही त्यांची कैफियत आहे. ज्या झडपांच्या बैठका शिसे राखीत असे, तशा झडपा टू-स्ट्रोकाला मुळातच नसतात.

एवढ्यावरून त्यांना निव्वळ भंपक ठरविणे अन्यायाचे होईल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-दिवेआगराकडच्या रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा वीज नाही, दुकाने बंद आणि वाटांवर झाडे, अशा स्थितीत कोणी घाईने होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचे तेल चेनसॉमध्ये घालू पाहत होता. आमच्या परिचयाच्या शास्त्रीबुवांनी त्याचा हात धरला. आउटबोर्डाचे इंजिन पाण्याने थंड राहते, त्याचे तेल निराळे; चेनसॉ हवेवर थंड होते, ते कितीतरी अधिक तापते, आणि त्या उष्णतेत हे तेल पिस्टनच्या रिंगा चिकटवून टाकते. हा फैसला अक्षरशः बिनचूक होता.

दुसरी गोष्ट पेट्रोलाच्या शिळेपणाची. पंपावरच्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धा रिकामा कॅन पडवीत राहिला आणि त्यात पुरेसे पाणी शिरले की, पाणी व इथेनॉल तळाशी बसतात, तेल वरच्या पेट्रोलात राहते, आणि यंत्र नेमके तळचे, तेलावाचूनचे ओढून घेते. म्हणून पंधरवड्यापुरतेच मिसळावे आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, हा त्यांचा हुकूम मानण्यासारखा आहे.

आकड्याचे मात्र आपल्या पुस्तिकेवरूनच ठरवावे. तीत वीस लिहिले असेल तर शास्त्रीबुवांना तीस सांगावे; ते वीस करून देतात.