काठीचे बारा

मणिबेलीत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या फोनने मान टाकली. चार्जर घरी राहिला होता. मनगटावरचं घड्याळ तर मी केव्हाच सोडलं होतं, कारण फोनमध्ये वेळ दिसते. आता दोन्ही नव्हतं. जूनचा दुसरा आठवडा, आभाळात चार पांढरे ढग, समोर सरदार सरोवराचं पसरलेलं पाणी, आणि मी पाच-पाच मिनिटांनी मेलेल्या फोनकडे बघतोय. शेजारच्या झापावर एक सौरपट्टी चकाकत होती. ज्याला थेट वेळ विचारता येते, तो सूर्य इथे दुसऱ्यांचे फोन भरत बसला होता.

ज्यांच्या ओट्यावर मी उतरलो होतो त्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "किती वाजले असतील?" त्यांनी अंगणात नजर टाकली. आकाशात नव्हे, अंगणात. मग त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. नातीने त्याचं मराठी केलं, "सर, भाकरीला अजून टाइम आहे."

उत्तर अचूक होतं. भाकरीला खरंच वेळ होता. पण मला आकडा हवा होता. भूक लागली आहे की नाही हेसुद्धा आम्ही शहरातली माणसं घड्याळ बघून ठरवतो.

तेव्हा ठरवलं की आपली विद्या बाहेर काढायची. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. काठी रोवा, सावली बघा, दुपारी सावली सगळ्यांत आखूड होते ती नेमकी उत्तर दिशा दाखवते. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी तीस वर्षं वहीत उतरवलं. करून बघावं असं दोन्ही पक्षांना कधी वाटलं नाही, हा त्यातला सामंजस्याचा भाग.

बांबूची दोन हात लांब काठी मिळाली. ओळंबा म्हणून सुतळीला दगड बांधून ती सरळ रोवली. दोन पोरं, एक कुत्रा आणि ओट्यावरून बाबा, एवढा प्रेक्षकवर्ग होता. सावली आखडत आखडत अगदी काठीच्या बुंध्याशी आली. शेवटी बोटाच्या रुंदीएवढी उरली. मी ऐटीत तिच्या टोकाकडे हात केला आणि म्हणालो, "ही उत्तर."

बाबा आधी माझ्या हाताकडे बघत राहिले, मग हाताच्या रोखाने मागे उभ्या असलेल्या सातपुड्याकडे, मग समोरच्या पाण्यापलीकडच्या काठाकडे. मणिबेली नर्मदेच्या दक्षिण काठावर आणि पलीकडचा काठ गुजरातचा. नातीमार्फत त्यांचा प्रश्न आला, "मग गुजरात आता दक्षिणेला गेलं का?" आणि थोडं थांबून, "आमचं गाव हलवलं ते सरकारनं. तुम्ही गुजरातच हलवलं."

कुत्रा सोडून सगळे हसले.

चूक काठीची नव्हती, सूर्याचीही नव्हती. चूक त्या वाक्याची, जे कुठल्यातरी थंड देशातल्या पुस्तकातून आमच्या फळ्यावर आलं असणार. कर्कवृत्त महाराष्ट्राच्याही उत्तरेला आहे. त्यामुळे सूर्य उत्तरायणात चढता चढता आपल्या डोक्यावरून पुढे निघून जातो. सावंतवाडीत मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात मेच्या मध्याला, मणिबेलीत साधारण 30 मेच्या सुमाराला. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीला सावलीच नसते. हल्ली मुलं त्याला शून्य सावली दिवस म्हणतात आणि अंगणात बाटल्या उभ्या करून फोटो काढतात. त्यानंतर सूर्य परतेपर्यंत, म्हणजे मणिबेलीपुरतं जुलैच्या मध्यापर्यंत, दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. परतीच्या वेळी पुन्हा एक बिनसावलीची दुपार येते, पण ती बहुधा ढगांत जाते. आषाढात मध्यान्हीची सावली नाहीशी होते असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा आहे. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास हे छापलेलं नसलं तरी लिहिलेलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडून मी हिशेब करत राहिलो. अपमान झाला की माणसाचं गणित सुधारतं. मणिबेलीचा अक्षांश पावणेबाविसाच्या जरा वर. म्हणजे 22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ 45 अंशांवर. आणि 45 अंश म्हणजे सावली वस्तूएवढी! वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी या गावात दुपारच्या माणसाची सावली जवळजवळ त्याच्याएवढीच पडते. मला हे इतकं आवडलं की उठून कोणालातरी सांगावंसं वाटलं. सगळे झोपले होते.

आणि वेळेचं म्हणाल, तर काठीचे बारा आणि घड्याळाचे बारा यांचं जमत नाही ते वेगळंच. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं. मणिबेली त्याच्या पावणेनऊ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे मिर्झापूरकरांच्या माथ्यावरून निघालेला सूर्य इथल्या माथ्यावर यायला पस्तीसेक मिनिटं घेतो. फेब्रुवारीत तो आणखी रेंगाळतो, पावणेएकही करतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र सव्वाबारालाच हजर. रामनवमीला आपण बाराच्या ठोक्याला पाळणा हलवतो, तेव्हा खरी मध्यान्ह व्हायला अजून अर्धा तास असतो. मुंबईने यावर हट्ट धरला होता. 1906 पासून देशाची एक वेळ ठरली, तरी मुंबईची म्हणून एक वेगळी वेळ, 39 मिनिटं मागे, 1955 पर्यंत टिकून होती. उशिरा पोचण्याची एवढी भक्कम सबब मुंबईकरांनी सोडली कशी, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

मराठीला मात्र ही मिनिटं कधी लागलीच नाहीत. सूर्य कासराभर वर आला म्हटलं की झालं. कासरा बैलाचा, मोजमाप आकाशाचं. मग ऊन तापतं, सावली पायाखाली येते, दिवस कलतो, उन्हं उतरतात, तिन्हीसांजा होतात. आमच्या लहानपणी वाळवणाच्या दिवसांत सावली ही शत्रूपक्षात होती. घराची सावली कुरडयांपर्यंत आली की आई आतून ओरडायची आणि आम्ही दोघं भाऊ खाट धरून ऊन जाईल तिकडे सरकायचो. चार वेळा खाट सरकली की चहा. आमच्या घराचं घड्याळ चार खाटांचं होतं.

दिशेची गोष्ट मणिबेलीत जरा निराळी आहे. नर्मदा मोठ्या हिशेबाने पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी. ती वाहत होती तेव्हा पाण्यात पान टाकलं तरी पश्चिम कळायची. परिक्रमेला निघालेली माणसं नदी उजव्या हाताला ठेवून चालतात. या काठाने ती पश्चिमेकडे जायची, म्हणजे सकाळी त्यांची सावली त्यांच्यापुढे चालायची आणि उन्हं उतरली की मागे पडायची. आता वाट डोंगरात वर सरकली आहे. सरदार सरोवराने महाराष्ट्रात पहिल्यांदा गाठलेलं गाव हे. तेव्हा जिल्हा धुळे होता, नंदुरबार 1998 मध्ये झाला. धरणाविरुद्धचे सत्याग्रह इथे झाले, 1994 साली जगभरातल्या संघटनांनी जागतिक बँकेला जो जाहीरनामा दिला त्याला नाव याच गावाचं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं. धरणाची भिंत वाढत वाढत 138.68 मीटरवर थांबली आणि त्या उंचीने गावाचं आयुष्य मोजलं गेलं. उरलेली माणसं चढावर राहतात. पाणी नाल्या-नाल्यांतून आत घुसलेलं, जिकडे पाहावं तिकडे पाणी, आणि ते कुठेच जात नाही. अशा पाण्यात पान टाकून काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुनी, खात्रीची रीत काढली. शंकूभोवती, म्हणजे रोवलेल्या काठीभोवती, वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. यात उत्तर-दक्षिणेची फसगत होत नाही, कारण सकाळची खूण नेहमी पश्चिमेलाच असते. आपल्या ज्योतिषग्रंथांत या सगळ्याचा एक स्वतंत्र अध्याय असतो, त्रिप्रश्न नावाचा. तीन प्रश्न म्हणजे दिशा, देश आणि काळ. मी कुठे आहे, कुठे तोंड करून आहे आणि किती वाजले? बारा अंगुळांची एक काठी तिन्हींची उत्तरं देते. भास्कराचार्य आपल्या खानदेशाच्या जवळचे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख आहे. तेवढ्या ओळखीवर मी सुतळीने वर्तुळ काढलं. ते जरासं अंड्यासारखं आलं. सकाळची खूण केली, तिच्यावर खडा ठेवला, नातीला सावलीचं टोक दाखवलं आणि भाकरी खाऊन आडवा झालो.

उठलो तो अंगणात माझ्या काठीला शेळी बांधलेली. सोयीची, घट्ट रोवलेली खुंटी आयती मिळाल्यावर बाबा ती वाया कशी घालवणार? सकाळची खूण, खडा, सगळं खुरांखाली गेलं होतं. दावं ताणून शेळी काठीभोवती फिरत राहिलेली, आणि दाव्याच्या टोकाने तिने मातीत एक वर्तुळ उमटवलं होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो. माझ्या वर्तुळापेक्षा ते गोल होतं.

"बाबा, किती वाजले?" मी विचारलं.

बाबांनी शेळीच्या सावलीकडे पाहिलं. "चहाला टाइम झाला," नात म्हणाली.