नागपूर ते मुंबई, फक्त दीड तास : नवशिक्यांसाठी

आधी अंतर पाठ करा. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने ८३७. समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१. यातला कोणताही आकडा सांगा, समोरचा नागपूरकर दुसरा सांगून तुम्हाला दुरुस्त करणारच. वाद घालू नका, तिन्ही खरे आहेत.

आता वेळ. तिकिटावर दीड ते पावणेदोन तास असतो. विमान जागचं हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा हा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं आणि मुंबईवर नंबर लागेपर्यंतच्या घिरट्याही आल्या. कंपन्या हात सैल सोडूनच वेळ छापतात. म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर टेकतं आणि तशी घोषणा मोठ्या अभिमानाने होते. टाळ्या वाजवू नका.

हा दीड तास विमानाचा झाला. तुमचा हिशेब नागपूरच्या महाल भागातल्या घरापासून सुरू होतो, आणि तिथेच काकू आडवी येते : "काऊन रे, पोहे खाऊन जा ना, तर्री केली आहे. सोनेगाव का लांब आहे?" सोनेगाव लांब नाही, हीच तर नागपूरकराची गोची. तिथला विमानतळ शहराला चिकटून, म्हणून निघायचं शेवटच्या घटकेला. काउंटर मात्र सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. शिवाय हातातलं सामान सात किलो. मृग बहाराची संत्री काट्यावर चढवून पाहा. मग एकेक संत्रं काढून जॅकेटच्या खिशात भरणारा तो फुगलेला गृहस्थ तुम्हीच असाल.

हिवाळी अधिवेशन चालू असेल तर शुक्रवार संध्याकाळच्या तिकिटाचा नाद सोडा. १९५३ च्या नागपूर कराराने सरकार इथे आणलं खरं, पण शनिवार-रविवारी ते इथेच थांबेल असं त्यात कुठे लिहिलंय?

थोडा इतिहासही हवा, वाट पाहताना शेजाऱ्याला ऐकवायला. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांनी डकोटा विमानं रात्री निघायची, मध्यरात्रीनंतर सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्या आणि पेंगुळलेले उतारू यांची अदलाबदल करायची आणि पहाटे आपापल्या गावी परतायची. मुंबईच्या माणसाला मद्रास गाठायचं तर अपरात्री नागपूरच्या मातीला पाय लावावा लागे, राजेहो! आता मुंबई-कोलकाता विमान दहा किलोमीटर वरून जातं, मान वाकवून बघतही नाही.

मुंबईत उतरलात की अभ्यासक्रमाचा अवघड भाग सुरू होतो, कारण तुमचा चुलतभाऊ अंधेरीत राहत नाही. तो डोंबिवलीला राहतो. विमानतळाबाहेर रिक्षा, मग लोकल, दादर किंवा घाटकोपरची गर्दी, खिशातली संत्री सांभाळत. याच भावाच्या शेजारच्या कल्याणला विदर्भ एक्सप्रेस पहाटे थांबते. संध्याकाळी नागपुरात बसायचं, ताणून द्यायची. पण हे त्याला सांगू नका. "किती वेळ लागला?" विचारलं की न अडखळता म्हणा, "दीड तास."

परतीचा प्रवास हिवाळ्यात थोडा लवकर उरकतो, कारण वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो आणि विमानाला मागून रेटा देतो. वाचलेली मिनिटं सोनेगावला सामानाच्या पट्ट्यासमोर खर्च करा, तिथे सगळ्यांच्याच बॅगा निळ्या असतात.