आधी रूळ, मग लोखंड

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरांत पूर्वी सकाळ व्हायची ती पोलाद प्लांटच्या शिफ्टच्या हिशेबाने. आता बरीच पोरं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून पुण्या-बंगळूरच्या कंपन्या चालवतात. मागे कूलर घरघरतोय, मधेच म्यूट दाबून 'आई, नळ आला का?' आणि परत तोच मंत्र: बॅकलॉगला स्कोअर द्या.

म्हणजे काय, तर मारुतीच्या शेपटीएवढी कामांची यादी घ्यायची आणि प्रत्येकापुढे चार आकडे लिहायचे. उपयोग किती लोकांना, फरक किती पडेल, आपली खात्री किती, मेहनत किती महिन्यांची. पहिल्या तिघांचा गुणाकार, चौथ्याने भागाकार. इंटरकॉम या कंपनीने रूढ केलेली ही रीत 'राइस' नावाने ओळखली जाते.

आता गणित बघा. बटणाचा रंग बदलायचाय: १०,००० लोक, फरक पाव, खात्री १०० टक्के, मेहनत अर्धा महिना. स्कोअर ५,०००. दुसरं काम: खात्यातून पैसे कापले जातात, पण बिल काही भरलं जात नाही. असे ८०० अभागी, फरक ३, खात्री ८० टक्के, मेहनत दोन महिने. स्कोअर ९६०. चला, बटण रंगवा! त्या ८०० जणांनी कस्टमर केअरची धून ऐकावी.

साहेबांची लाडकी कल्पना मात्र ७०० वर अडकलेली. मग कुणीतरी घसा खाकरतं. "खात्री ५० टक्केच कशी? सर स्वतः सांगतायत ना!" झाली १००. "आणि चार महिने कशाला? एका महिन्यात उडवू." ७०० चे ५,६०० झाले, बटणही मागे पडलं. वशिला कुणी लावला नाही हो, स्कोअरच्या शीटनेच ठरवलं.

१९५५ साली पोलाद प्लांटसाठी रशियनांशी करार झाला तेव्हा भिलाईत ही शीट नव्हती, हे रेल्वेचं नशीब. कोक ओव्हनला किती गुण पडले असते? कोकवर बसून दुर्गहून नागपूरला कोण गेलंय? झोतभट्टीची मेहनत इतकी अफाट, की भागाकारातच ती तळाला जायची. रुळांचा उपयोग मात्र अख्ख्या देशाला, तेव्हा रेल मिल पहिल्या नंबरावर. लोखंडाचं फेज टूमध्ये बघू! प्रत्यक्षात ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्याच वर्षी पोलाद निघालं, आणि रेल मिलची पाळी आली १९६० मध्ये.

एक काम दुसऱ्याच्या खांद्यावर उभं असतं, हे त्या चार रकान्यांना दिसत नाही. तिथे प्रत्येक काम अनाथ. एका कामावर दुसरं अवलंबून असेल तर स्कोअर बाजूला ठेवून ते आधी करा, असं राइसवाल्यांनीच सांगून ठेवलंय. ते वाचून काढण्याचं काम बहुधा अजून बॅकलॉगमध्येच असावं.