वाचायला की ठेवायला?

‘भौतिकशास्त्रावरचं एखादं सोपं पुस्तक सांग,’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, वाचायला की दिवाणखान्यात ठेवायला? ठेवायचं असेल तर हॉकिंगांच्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ला तोड नाही. हे १९८८ चं पुस्तक. दर समीकरणागणिक खप निम्मा होईल, अशी तंबी मिळाल्यामुळे हॉकिंगांनी ‘ई बरोबर एमसी-वर्ग’ एवढं एकच समीकरण ठेवलं. खप कोटीच्या घरात गेला. वाचनाचं विचारू नका. जॉर्डन एलनबर्ग या अमेरिकन गणितज्ञाने २०१४ मध्ये गंमत म्हणून एक निर्देशांक काढला: किंडलवर सर्वाधिक लोकांनी अधोरेखित केलेल्या ओळी पुस्तकात कुठवर सापडतात? नाव दिलं हॉकिंगांचंच, आणि त्यांचा आकडा आला ६.६ टक्के! कृष्णविवरं सहाव्या प्रकरणात आहेत. वाचक त्याआधीच गडप.

आमच्या शेजारच्या काकांना मात्र खरोखर वाचायचं होतं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पैसे मोजलेत म्हटल्यावर शेवटच्या पानापर्यंत वसूल करणारच. मी त्यांना फाइनमन यांचं ‘क्यूईडी’ दिलं. काचेवर प्रकाशाचे शंभर कण पडले तर पृष्ठभागावरून सरासरी चार परत फिरतात. पण नेमके कोणते चार, हे आधी सांगता येत नाही. काकांनी तिथेच पुस्तक मिटलं. ‘सरासरी चार? आणि याचं ऑडिट पास झालं?’

मग गॅमॉव्ह यांचे मिस्टर टॉम्पकिन्स दिले. हाही बँकेतला कारकून, व्याख्यानात झोपणारा, त्यामुळे काकांचं लगेच जमलं. टॉम्पकिन्सच्या स्वप्नातल्या गावात प्रकाशच इतका सावकाश चालतो की सायकलवाला चपटा दिसतो. स्टेशनवर चाळिशीतला एक गृहस्थ उतरतो आणि एक म्हातारी त्याला ‘आजोबा’ म्हणते. कारण तो सदा आगगाडीत, आणि वेगात असणाऱ्याचं वय हळू वाढतं. सापेक्षता इतक्या कमी शब्दांत मला तरी दुसऱ्या कुणी समजावलेली नाही. (नजर आकाशाकडे असेल तर नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ डोळे मिटून घ्यावं आणि उघडे ठेवून वाचावं.)

दुसऱ्या दिवशी काका दारात हजर.

‘अरे, मी जन्मभर डोंबिवली-व्हीटी केलं. मग मला टक्कल कसं पडलं?’

‘काका, त्याला गाडीचा वेग फार लागतो.’

‘फास्ट होती,’ काका दुखावल्या स्वरात म्हणाले.